लंगोटावरचं कुंकू

आक्का, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक गोष्ट मी अजून मनात धरून बसले आहे. माझ्या लेकीच्या लंगोटावर त्या दिवशी जे लाल दिसलं, ते खरंच कुंकू होतं का? मला तेव्हाही पटलं नव्हतं, आता तर मुळीच पटत नाही. तू समोर असतीस तर नुसते डोळे वटारले असतेस आणि माझी बोलती बंद झाली असती, म्हणून आज विचारते.

कडेगावच्या घरी माझं पहिलं बाळंतपण. तुझा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूध घालणाऱ्यावर नाही, इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सबाईवर नाही आणि पोटच्या पोरीवर, माझ्यावर तर नाहीच नाही. प्रत्येक लंगोट धुण्याआधी तू परड्यात न्यायचीस आणि उन्हात धरून उलटसुलट बघायचीस. "घरात समदं सारखंच दिसतंय. रंग उजेडात बघावा," म्हणायचीस. पहिल्या दिवशी काळीकुट्ट, डांबरासारखी चिकट शी बघून मी रडायला लागले, तर तू मलाच झापलंस. "आगं, पोटातली जुनी घाण हाय ती. न्हाई झाली आसती तर रडायचं." मग ती हिरवट झाली, मग पिवळी, मोहरी वाटल्यागत कणीदार, आणि तुझ्या कपाळावरची आठी जरा कमी झाली. महिना उलटला आणि एकाएकी शी बंद. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. तू सहाण घेऊन बसलीस, गुटीसाठी मुरुडशेंग नि बाळहिरडा उगाळायला लागलीस. मी म्हणाले, "अगं, ती मजेत आहे, पितेय, झोपतेय." तर म्हणालीस, "झोपतीया म्हंजे ग्लानी आली आसंल." तुझ्यापुढे कुणाचं काय चालणार!

चौथ्या दिवशी मी न्हाणीत आहे. डोक्यावर कढत पाणी ओतते आहे आणि तेवढ्यात लेक किंचाळते. तशीच ओलेती बाहेर येते, तर ती तुझ्या पायांवर, शी झालेली, आणि तू घाईघाईनं लंगोट गुंडाळते आहेस. मी तो हिसकावून घेतला. पिवळ्यात एक बारीक लाल रेघ. "हे काय गं?" "कुकू लागलं आसंल. हात लागला आसंल माझा." तुझी पानाची चंची बाजूला उघडी पडली होती आणि त्यात एक पान बिनदेठाचं. तू देठ खुडायचीस तो विडा करताना, आधी कधीच नाही, हे मला लहानपणापासून माहीत. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून बाळाच्या शीच्या जागी फिरवायचा, की पोट मोकळं होतं, हा आपल्याकडचा जुना उपाय. मी विचारलं, "आक्का, ह्या पानाचा देठ कुठाय?" तू चुना काढत म्हणालीस, "उंदरानं खाल्ला."

लेकीला काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी ती ठणठणीत. पण तुझ्याबद्दल माझ्या मनात जी अढी बसली ती बसलीच. पुढं तू तिला उचललंस की मी तुझ्या हाताकडे बघायचे. तुला ते कळत होतं का, हेही मला कधी कळलं नाही. लेक मोठी झाल्यावर हा किस्सा मी तिला हसत हसत सांगितला. आता वाटतं, उगीच सांगितला.

कारण आता तीच बाळंतीण आहे. साताऱ्याला, माझ्या घरी. नोकरी पुण्याला आणि सुट्टी संपत आलेली. मग दिवसभर बाळ कुणाकडे? मी पुण्याला जायचं, की बाळाला पाळणाघरात टाकायचं? ती तोंडानं काही बोलत नाही, पण मला तोलून बघते आहे, हे मला बरोबर कळतं. अंघोळीला गेली तरी न्हाणीघराचं दार उघडं ठेवते. पाणी ओतता ओतता मध्येच हाक मारते, "आई, काय करतेस?" अगं, काय करणार? तुझं लेकरू बघते! चोराच्या घरात सामान ठेवल्यासारखा जीव टांगलेला तिचा. लय राग यायचा मला. रडूही यायचं.

सव्वा महिना झाल्यावर इस्लामपूरहून माझ्या विहीणबाई बाळाला बघायला आल्या. येताना बाळगुटीची पुरचुंडी घेऊनच. "आवं, मी द्या म्हणत न्हाई हं. नुसती आणून ठेवली." नुसती आणून कोण ठेवतं? त्या मुक्कामाला राहिल्या आणि त्या दिवसापासून बाळाची शी बंद. मी काय समजायचं? तरातरा जाऊन सहाण बघितली, तर ओली. उचलून हुंगली. चंदन. बाईंनी देवाला गंध उगाळलं होतं. पुरचुंडीची गाठही तशीच होती. त्या गेल्या तरी माझं मन काही निवळेना. गाठ काय, सोडून परत मारता येते.

शेवटी लेक बाळाला डॉक्टरांकडे घेऊन निघाली, मीही रिक्षात चढले. डॉक्टरीणबाई एवढीशी पोर. मनात म्हटलं, हिचं लग्न तरी झालंय का? तिनं बाळाचं पोट दाबून बघितलं, वजन घेतलं आणि लंगोट किती वेळा ओला होतो ते विचारलं. म्हणाली, "नुसत्या अंगावरच्या दुधावर असलेलं बाळ दिवसातून आठ-दहा वेळा करेल, नाहीतर ह्या वयाला चार-चार दिवस करणारही नाही. पोट मऊ आहे, पितंय, वजन वाढतंय, तर वाट बघायची. आणि झाली की मऊच असेल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, पिवळी, हिरवट, तपकिरी, कसलीही चालेल. पण खडूसारखी पांढरी झाली, रक्त दिसलं, नाहीतर पोट टम्म फुगून हिरवी उलटी झाली, तर तसंच उचलून आणायचं. आणि घरचं काही द्यायचं नाही, घालायचंही नाही." डॉक्टरीणबाई ते 'घालायचंही' म्हणाली, तेव्हा लेकीनं माझ्याकडे बघितलं. दोघींनी आधीच ठरवून मला सुनावलं असणार, अशी माझी खात्रीच झाली.

आणि तरी दुसऱ्या दिवशी मी काय केलं असेल? राजवाड्यापाशी भाजीला गेले आणि मेथीच्या जुडीखाली एक विड्याचं पान घेऊन आले. आक्का, मी पुरती घाबरले होते. बाळ कुंथायचं, लालबुंद व्हायचं, आणि लंगोटात शीचा डागही नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात ते खरं नसलं तर? तू किती घाबरली असशील, हे मला पहिल्यांदाच तेव्हा कळलं. तोवर मी तुला नुसती हट्टी समजत होते.

सकाळचं ऊन खोलीत आलं होतं. लेक अंघोळीला गेली, दार उघडंच. बाळ माझ्या पायांवर. मी देठ खुडला. कट्टकन आवाज आला तो मला केवढा मोठा वाटला! तेवढ्यात बाळानं पाय आखडले, तोंड वाकडं केलं आणि बघता बघता माझं लुगडं मांडीपर्यंत भिजलं. पिवळीधमक, मऊ, तीच कणीदार मोहरी. इतक्या दिवसांची सगळी एकदम! मी मोठ्यानं हसायला लागले तशी लेक धावत बाहेर आली, केसांतून पाणी गळतंय. बाळ बघितलं, मग माझी मूठ बघितली.

"आई, हातात काय आहे?"

"काही नाही गं. पान खाणार होते."

"तू पान कधीपासून खायला लागलीस?"

तिनं बाळाला पुसलं, पाळण्यात ठेवलं आणि लंगोट उचलून खिडकीशी नेला. उन्हात धरला. उलटा केला, सुलटा केला, घडी न् घडी बघितली. हुबेहूब तू. मग माझ्याकडे न वळताच म्हणाली, "कुंकू नाही लागलेलं कुठं." मी ते पान देठासकट तोंडात घातलं आणि तिच्यादेखत चावून खाल्लं. चुना नाही, कात नाही, नुसतं तिखट. डोळ्यांत पाणी आलं. ती हसली, पण किती विश्वासानं हसली ते मला सांगता येणार नाही.

आज सकाळी ती अंघोळीला गेली आणि तिनं दार लावून घेतलं. कडी लागलेली मी ऐकली. एकदाही हाक मारली नाही.

हे कागद मी धाडणार कुठं? राहू देत इथंच. माझा तुझ्यावरचा संशय काही गेलेला नाही, देठ तूच घातलास. पण लेकीला मी जे सांगितलं नाही ते तुला सांगते. बाळानं जरा उशीर केला असता तर मीही घातला असता. एरंडेलाची वाटी पलंगाखाली तयार होती, ती तिला दिसली नाही. आज कडी लागल्यावर मी ती बाहेर काढली आणि मोरीत ओतून दिली.