हाताची पाठ

आई,

फोनवर मी दर वेळी "तुमचा मुलगा मजेत आहे" असं सांगते, ते खोटं आहे. खरं इथे लिहिते, पण हे पत्र पोस्टात पडणार नाही. तुमचं ब्लडप्रेशर मला ठाऊक आहे.

आगीत शिरलेले जवान बंद दार उघडण्याआधी त्याला हाताची पाठ लावतात. दार तापलं असेल, तर उघडत नाहीत. वसतिगृहाच्या आगीत ह्यांनी असंच एक दार उघडलं नाही. नियमानं बरोबरच होतं, पण आत दोन मुली होत्या. तेव्हापासून हे घरातल्या प्रत्येक दाराला हात लावून बघतात, अगदी फ्रिजलासुद्धा. मी म्हटलं, "अहो, तिथे बर्फ आहे." हे हसले नाहीत.

फायर स्टेशनवर समुपदेशक बाई आल्या, तेव्हा साहेब शेजारीच खुर्ची टाकून बसले. मग सगळ्यांनी एकच सांगितलं, झोप लागते, जेवण जातं. साहेबांसमोर दुसरं काय डोंबल सांगणार?

काल तुमच्या नातीला म्हटलं, बाबांना जेवायला बोलाव. तिने त्यांच्या खोलीच्या दाराला हाताची पाठ लावली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "गार आहे. जाऊ आत?"

तुमची सून