माइल्डमध्ये काय कमी आहे

नेदर्टन, कालव्याकाठी

प्रिय म्युरियल,

सप्रेम नमस्कार. वेस्टनची खारी हवा तुझ्या गुडघ्यांना मानवली असेल. तुझा नवरा डेरेक याचीही प्रकृती उत्तम राहो (तो फिकी, थंडगार लागर बिअर पितो म्हणून मी त्याचं वाईट चिंतावं, इतका मी कोत्या मनाचा नाही). नाताळच्या जेवणात मी लागर पिणाऱ्यांना कामगारवर्गाचे फितूर म्हणालो, ते तत्त्व म्हणून. नेमका डेरेक माझ्या शेजारी बसला होता, हा बसवणाऱ्याचा दोष. मी, म्हणजे होरेसनं, स्वतःच्या हातानं लिहून बोलावल्याशिवाय या घरात पाऊल टाकणार नाही, असं तू दारात बजावून गेलीस. हे पत्र त्याविषयी नाही. हे पत्र बिअरविषयी आहे.

तुझी बहीण, माझी एडना, न्यूमोनियातून उठली, पण तिची भूक अजून अंथरुणातच आहे. बेकन घालून शिजवलेले वाटाणे समोर ठेवले तरी चमच्यानं नुसते उकरत बसते. एकदा म्हणाली, घोटभर माइल्ड बिअर मिळाली तर जेवेन. मी तडक पबमध्ये गेलो, तर माइल्डचा नळच काढून टाकलेला! खप नाही, फक्त म्हातारे पितात, म्हणे. मी तिथंच खुर्चीवर उभा राहिलो आणि बोललो. जिनं भट्टीपुढं साखळ्या घडवणाऱ्यांची तहान भागवली, जी पिऊन माणूस सरळ चालत पुन्हा कामावर जायचा, त्या काळ्या, हलक्या बिअरचा हा अपमान! (शेवटी एकजण म्हणाला, "आजोबा, उतरता का? तुमच्या मागं डार्टचा फळा आहे.")

मग घरीच करायला घेतली. आधी वाचन केलं. माइल्ड म्हणजे मिळमिळीत, हा निव्वळ अडाणीपणा आहे. जुन्या लोकांच्या तोंडी माइल्ड म्हणजे ताजी, न मुरवलेली. पहिल्या खेपेला मी सगळे नियम पाळले: फिकं माल्ट, त्यात मूठभर काळपट भाजलेलं, आणि कडवटपणा देणारे हॉप्स नावापुरते. एडनानं घोट घेतला, डोळे मिटले, बराच वेळ मिटलेलेच ठेवले आणि म्हणाली, "काहीतरी कमी आहे." दुसऱ्या खेपेला मी हॉप्स वाढवले. "होरेस, ही बिअर आहे की तुझं भाषण?" तिसऱ्या खेपेला साखर वाढवली आणि यीस्टचं काम पुरतं होऊ न देता बाटल्या भरल्या. पाद्रीबुवा एडनासाठी प्रार्थना करत होते, तेवढ्यात कपाटात एकामागून एक बाटल्या फुटू लागल्या. पाद्रीबुवा टेबलाखाली गेले. एडना मात्र आजारपणानंतर पहिल्यांदाच पोट धरून हसली आणि डोळे पुसत म्हणाली, "आमच्या म्युरियलनं हे पाहायला हवं होतं."

मी विचारलं, बाई, कमी काय आहे ते तरी सांग. तेव्हा कळलं, की शनिवारी तुम्ही दोघी पबमध्ये एकच मोठा पाइंट मागवायचात आणि दोन रिकामे छोटे ग्लास. एकीनं ओतायचं, दुसरीनं आधी ग्लास उचलायचा, म्हणजे भांडण नको (आणि तरीही भांडायचात). "अख्खा पाइंट एकटीनं पिणं म्हणजे औषध पिणं," एडना म्हणाली. एवढी पुस्तकं वाचली, पण हे एकातही नव्हतं.

चौथी खेप पहिलीसारखीच केली आहे. तयार आहे. माइल्ड कुणासाठी थांबत नाही, एवढंच कळवतो.

तुझा, तत्त्वांवर ठाम असलेला,
होरेस

ता.क. शनिवारी ये. हे मी स्वतःच्या हातानं लिहिलं आहे, अक्षर पाहून घे. वाटाणे मी शिजवतो. तू समोर बसलीस तर ती जेवेल.

ता.क. डेरेकलाही आण. त्याच्यासाठी लागर आणून कोळशाच्या कोठीत गोणपाटाखाली ठेवली आहे. शेजाऱ्यांपाशी बोलू नकोस.

ता.क. म्युरी, मी एडना. पाकीट टपालात टाकायला यानं माझ्याकडेच दिलं. पहिलीच खेप अगदी आपल्या शनिवारसारखी झाली होती गं. पण 'छान आहे' म्हटलं असतं, तर यानं तुला कधी लिहिलं असतं? ओतणार मी. ग्लास तू उचल.