केरबाचा डावा खांदा

कोल्हापूर, ८ मार्च २००४

चि. सोनमला धोंडीरामकाकाचा सप्रेम जयभीम.

हमाल बांधवांनो, तुम्ही जन्मभर गुळाचे ढेपेसारखे जड रवे वाहता आणि अंगाला बसेल असा सदरा तुम्हाला कुठल्याच दुकानात मिळत नाही, असं मी मार्केट यार्डातल्या सभेत गरजलो. साठ सदऱ्यांचं काम त्यांनी लगेच मला दिलं. आता फजिती ऐक. तू कॉम्प्युटरवर काढून पाठवलेल्या, कापड बेतायच्या कागदी फर्म्यावर केरबा हमालाचा पहिला नमुना शिवला. डावा खांदा आवळतो, डावीकडचा घेर वर चढतो. केरबा म्हणाला की, मास्तर, ह्यो माझा न्हाय, दुसऱ्या कुणाचा तरी हाय. दोनदा उसवला, मशीन तपासलं, कापड तपासलं. काही उमजत नाही. २८ तारखेच्या रविवारी दुसरा नमुना बसला नाही, तर काम रेडिमेडवाल्याकडं जाईल. काकी विचारते, पोरगी बेंगलोरात शिकते की नुसती इडली खाते?

तुझा काका,
धोंडीराम

बेंगलोर, १२ मार्च २००४

तीर्थरूप काकांना सोनमचा सविनय जयभीम.

काकीला सांगा, दोन्ही करते. पण मीही गोंधळले आहे. तुम्ही पाठवलेले मापांचे आकडे तीनदा भरले. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या पुतळ्याला सदरा चापून बसतो, एक सुरकुती नाही. इथे उजवी बाजू आखली की डावी तशीच आपोआप उमटते, त्यामुळे चुकायला जागाच नाही, असं आमच्या शिकवणाऱ्या बाई म्हणतात. मग केरबामामा वाकडे उभे राहिले का? पूर्वी तुम्ही त्यांचा सदरा कसा बेतत होतात, ते कळवा. रागावलात तरी माया पातळ करू नका.

आपली,
सोनम

कोल्हापूर, १७ मार्च २००४

चि. सोनमला सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून केरबाला उघड्या अंगानं उभा केला. तीस वर्षं ओझं उजव्या खांद्यावर. तो खांदा डाव्याहून बोटभर खाली! मी नेहमी दोन्ही खांदे निरनिराळे बेतायचो, न सांगता, न विचार करता. तू मापांसाठी पाठवलेल्या छापील फॉर्मात खांद्याच्या उताराला रकाना एकच. मी उजवा मोजला आणि मोकळा झालो; तोच उतार तुझ्या कॉम्प्युटरनं डावीकडं उमटवला. चूक माझी, फॉर्मची की तुझ्या बाईंची, देव जाणे म्हणायचीही मला सोय नाही! त्यांच्यातला पिराजी तर डाव्या खांद्यावर वाहतो. उरलेल्यांचं काय, या विचारानं डोकं गरगरतंय. पण एक पक्कं. ज्या पुतळ्यानं कधी रवा उचलला नाही, त्याच्या अंगावर हमालाचा सदरा बेतता येणार नाही. बाईंना हे ठणकावून सांग, माझं नाव घेऊन सांग.

काकी तुझी आठवण काढते, तिखट चटणी पाठवते आहे. बाकीचं सगळं राहू दे. केरबाची डावी बाजू वेगळी आख आणि फर्मा सोमवारच्या गाडीनं पाठव.

तुझा,
धोंडीरामकाका