झाड पुरं होऊ दे

प्रिय दादा,

रविवारी सकाळी देवाचं नाव घेऊन झालं, चहा झाला, आणि मी जेवणाच्या टेबलावर आपला जुना कॉम्प्युटर मांडून बसलो. हिनं विचारलं, सुट्टीच्या दिवशी हे काय काढलंय? म्हटलं, गोल्फ खेळायला चाललोय. तर म्हणाली, मग येताना दूध घेऊन या.

हे पत्र तू स्वतःच वाच. कितीही वेळ लागू दे. वहिनीला वाचून दाखवायला सांगू नकोस. ती भराभर वाचेल, आणि मला हे भराभर सांगायचं नाही. दुकान विकण्याचे कागद माझ्याकडे आले होते, हे तुला ठाऊक आहे. तू डाव्या हातानं केलेली सही मी पुष्कळ वेळा पाहिली. माझी अजून व्हायची आहे. त्याचं शेवटी लिहितो. आधी गोल्फ.

सुरुवात माझ्या लेकीमुळे झाली. तिला मी कधीतरी सांगितलं होतं की तुझे मोठे काका आणि मी लहानपणी गोल्फ खेळायचो. ती इतकी हसली की विचारू नकोस. लिफ्ट दुरुस्त करणारा बाप आणि टीव्ही दुरुस्त करणारा काका, यांनी म्हणे गोल्फ! मग टीव्हीवरचा खेळ होता असं सांगितल्यावर तिनं तो कुठून तरी शोधून तिच्या लॅपटॉपवर आणून दिला. तोच खेळ, दादा. तेच निळं आकाश, तोच अंगठ्याएवढा माणूस, पाठमोरा, टोपी घातलेला. मी हरखून गेलो. पण कळ दाबली आणि अख्खं मैदान डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर आलं. फटका मारला, पुन्हा मैदान. मारला, पुन्हा मैदान. अठराही खड्डे मी चहा निवायच्या आत संपवले आणि उगाच उदास झालो. लेक म्हणाली, काय झालं बाबा, बरोबर चालत नाही का? मला सांगता येईना. चित्र सगळं आलं होतं, पण त्यात आपण दोघं कुठेच नव्हतो.

तुला आठवतं ना आपला कॉम्प्युटर कसा चित्र काढायचा? आधी आकाश. मग एक लांब रेघ, म्हणजे जमीन. मग पाण्याचा पट्टा, वाळूचे खड्डे. आणि सगळ्यात शेवटी झाडं, एकेक करून, आधी तपकिरी खोड आणि मग वर हिरवा पसारा, खालून वर भरत जाणारा. प्रत्येक फटक्यानंतर हे सगळं पहिल्यापासून. बदली झालेल्या त्या इंजिनिअर साहेबांनी सामान आवरताना तो कॉम्प्युटर आपल्या दुकानात ठेवला, "बघा काही उपयोग झाला तर" म्हणाले, आणि सोबत ती एकच कॅसेट, हा खेळ भरलेली. गोल्फचं खरं मैदान आपण दोघांनी तोवर पाहिलं नव्हतं, अजूनही पाहिलेलं नाही. काठ्यांची नावं वाचता आली तरी कळायची नाहीत, म्हणून तू आपली नावं ठेवलीस. लांब जाणारी ती "लांबडी", वाळूतून काढणारी "फावडं", आणि शेवटी खड्ड्यात घालणारी "ढकली". अजूनही मी मनातल्या मनात तेच म्हणतो. शेजारचे शिंपीकाका चष्मा कपाळावर चढवून बघायला यायचे. पहिल्या दिवशी बराच वेळ बघून काय म्हणाले? "अरे, एवढी जमीन, पाण्याची सोय, आणि सगळी पडीक? पेरत का नाही कुणी?" तू न हसता म्हणालास, "काका, मालक परगावी असतो." त्यानंतर ते रोज विचारायचे, मालक आला का रे?

आता मोठेपणी विचार करतो तेव्हा तो खेळ बनवणाऱ्या माणसाचं मला फार कौतुक वाटतं. आज माझ्या फोनमधला एक साधा फोटो त्या कॉम्प्युटरच्या पोटात मावणार नाही. तेवढ्या जागेत त्या माणसानं अठरा मैदानं बसवली, वारा बसवला, तळी बसवली, चेंडू पाण्यात पडला की होणारा तो "डुबुक" सुद्धा बसवला. सगळं एकदम ठेवायला जागाच नव्हती, म्हणून त्यानं युक्ती केली असणार, की उभं आहेस तिथून जेवढं दिसतं तेवढंच काढायचं. पुढचा फटका मारण्यापुरतं जग. मी सकाळी हात जोडतो तेव्हा हल्ली मागणं असं काही सुचत नाही, तेवढंच मागतो. पुढचा फटका मारण्यापुरतं दिसू दे, बाकीचं तुझ्याकडे राहू दे.

पण त्याहून जास्त कौतुक मला तुझं वाटतं, आणि ते मी कधी बोललो नाही. त्या खेळात एक खोड होती. चित्र निघत असताना कळ दाबली, तर ती वाया जायची नाही. कॉम्प्युटर ती लक्षात ठेवायचा, आणि चित्र पुरं झाल्याबरोबर तो माणूस न विचारता काठी फिरवायला सुरुवात करायचा. निशाणा नाही, वाऱ्याकडे बघणं नाही, चेंडू गेला तळ्यात. हे माझं रोजचं. शिंपीकाकांनी माझं नाव घाईदास ठेवलं ते त्यावरूनच. तू मात्र कधी रागावला नाहीस. माझं मनगट हलकेच धरायचास आणि म्हणायचास, "थांब. झाड पुरं होऊ दे."

आणि ते झाड पुरं होईपर्यंत आपण बोलायचो. आपल्या घरात तोंडाकडे बघून कुणी कधी काही बोललंय का? बाबा गेले तेव्हाही कुणी मला समोर बसवून सांगितलं नाही. गावच्या शाळेतून तू मला न्यायला आलास आणि वाटभर पेरूचं झाड किती वाढलंय तेच बोलत राहिलास. बाबा शेवटच्या दिवशी काय म्हणाले, ते तू मला पुढे कितीतरी महिन्यांनी सांगितलंस, नवव्या खड्ड्यावर, दोघांचे डोळे पडद्यावर, समोर झाडं निघत होती तेव्हा. एक झाड निघालं तोवर एक वाक्य. मग फटका. मग पुढचं वाक्य. वहिनीला बघायला जाऊन आलास तेही तिथेच कळलं. "बरी आहे," म्हणालास, आणि चेंडू वाळूत घातलास. तू सहसा वाळूत घालत नाहीस, म्हणून मी ओळखलं की नुसतीच बरी नाही. आणि चौदाव्या खड्ड्यावर तू म्हणालास, "तू लिफ्टच्या कंपनीत जा. दुकानात दोघांचं भागायचं नाही." मी रडत होतो, आणि तू पडद्यावरून नजर हलवली नाहीस, मला हवं तेवढं रडू दिलंस. मी निघालो त्या दिवशी कॉम्प्युटर माझ्या पिशवीत घातलास. म्हटलं, तुला नको का? म्हणालास, "एकट्यानं काय खेळायचं!"

तर तो कॉम्प्युटर गेले कित्येक दिवस मी दुरुस्त करत होतो. आतले काही सुटे भाग फुगले होते, ते बदलले. कळांखालचं रबर धुऊन वाळवलं. टीव्ही जुना लागतो, तो आमच्या कामावरच्या वॉचमनकडे मिळाला. रविवारी सगळं जोडलं, टेपरेकॉर्डर लावला, कॅसेट घातली, आणि खेळ कॉम्प्युटरमध्ये शिरताना होते ती किंचाळी सुरू झाली. हिनं आतून ओरडून विचारलं, कुणाला कापताय का? खेळ काही येईना. अर्ध्यावर यायचा आणि बंद पडायचा. मग मला तू आठवलास. तू तो आवाज ऐकून आधीच सांगायचास, "आत्ता चुकणार," आणि खरंच चुकायचं. मग बारका पेचकस घेऊन टेपच्या हेडचा तो स्क्रू केसभर फिरवायचास, कान लावून, डोळे मिटून, एखाद्या आजाऱ्याच्या छातीला कान लावावा तसा. लोकांना ज्या आवाजानं डोकं उठायचं, तो तू पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचास. मीही डोळे मिटले. तुझ्यासारखा कान मला कुठला! पण फिरवता फिरवता एका जागी तो आवाज एकदम स्वच्छ झाला, धुतल्यासारखा. मी हात काढून घेतला. आणि आला, दादा. खेळ आला.

पहिलं मैदान निघू लागलं. आकाश. रेघ. पाणी. पहिलं झाड अर्ध्यावर आलं आणि माझं बोट आपोआप कळेकडे गेलं. इतकी वर्षं लिफ्टच्या दारात उभं राहून मी लोकांना हसत आलोय, की एक बटण दहादा दाबून लिफ्ट लवकर येत नाही हो. आणि माझंच बोट बघ! मी हात मागे घेतला, मांडीवर ठेवला. झाड हळूहळू भरत होतं. आणि मला दुकानावरच्या तुझ्या खोलीतला तो दिवस दिसला.

आम्ही सगळे दुकानाचं बोलायला जमलो होतो. तुझ्या लेकाचं म्हणणं खोटं नाही, जिना तुला आता झेपत नाही आणि वहिनीही थकली आहे. त्याच्या घरी खालच्या मजल्यावर खोली आहे, दवाखाना जवळ आहे. तो मनापासून बोलत होता. तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीतून तू म्हणालास, "मला... इथं..." आणि पुढचा शब्द शोधू लागलास. अर्धांगाचा झटका आल्यापासून तुझं बोलणं असं येतं. डॉक्टरांनी सांगितलंय की आत सगळं शाबूत आहे, फक्त बाहेर यायला वेळ लागतो. तुझा लेक म्हणाला, "इथं करमत नाही ना बाबा? मी तेच सांगतोय." वहिनी म्हणाली, "इथं उकडतंय का? पंखा वाढवू?" आणि मी, घाईदास, मी म्हणालो, "इथं त्रास होतो, दादा, कळतंय मला." तिघांनी तिघांच्या परीनं तुझं वाक्य पुरं केलं. तू आमच्याकडे एकेक करून पाहिलंस आणि मान हलवलीस. त्या मानेवर सगळं ठरलं. कागद तयार झाले.

पण मान तू हल्ली सगळ्यालाच हलवतोस, दादा. चहा हवा का, हो. नको का, हो. दिवा मालवू का, हो. बोलणं आम्हीच संपवतो, मग तू सुरू तरी कशाला करशील? अख्खी कॅसेट किंचाळत असताना शेवटपर्यंत ऐकणारा माणूस तू. तुझे चार शब्द ऐकायला आम्हाला एका झाडाएवढाही धीर निघाला नाही.

रविवारी मी पूर्ण खेळ खेळलो. दुपार झाली. दूध राहिलंच. मधल्या वेळेत टीव्हीशी मी थोडंफार बोललोही, हिनं दारातून पाहिलं आणि परत गेली. खेळता खेळता एक गोष्ट लक्षात आली. या खेळाला एकच कळ लागते, ती खालची लांब पट्टी. एकदा दाबली की काठी वर जाते, दुसऱ्यांदा दाबली की ताकद ठरते, तिसऱ्यांदा दिशा. एका बोटाचं काम. डाव्या हाताचंही चालतं, मी करून पाहिलं. मला तुझ्यापेक्षा बरं खेळता येत नाही, अजूनही नाही. तळ्याजवळच्या सातव्या खड्ड्यावर माझे सगळे चेंडू पाण्यात गेले.

सोमवारी कामावर दोन आठवड्यांची रजा मागितली. साहेब म्हणाले, काय विशेष? म्हटलं, भावाकडे खेळायला जायचंय. ते हसले, पण सही केली. मग तुझ्या लेकाला फोन केला, तो तुमच्याकडेच आला होता. तो वैतागला. "काका, आता काय नवीन? घेणारा माणूस थांबायचा नाही." म्हटलं, नाही थांबला तर दुसरा मिळेल. तुझ्या बाबांचं एक वाक्य अर्धं राहिलंय, ते संपेपर्यंत मी कशावरच सही करणार नाही. मग वहिनीनं फोन घेतला. बराच वेळ ती काही बोलली नाही, आणि या वेळी मीही मध्ये बोललो नाही. शेवटी म्हणाली, "भाऊजी, मलाही रोज वाटतं, ते काय म्हणत होते कुणास ठाऊक."

येत्या शनिवारी मी कॉम्प्युटर, टीव्ही आणि कॅसेट घेऊन येतोय. टेपचा स्क्रू वाटेत हलेल, तो तूच लाव. आपण खिडकीशी बसू. मी पडद्याकडे बघत राहीन, तुझ्या तोंडाकडे नाही. "मला इथं"च्या पुढे जे काही असेल ते झाडं निघत असताना सांग. एका झाडाला एक शब्द सांग, घाई नाही, अठरा खड्डे आहेत आणि ते संपले की पुन्हा पहिला. तुला खरंच जायचं असेल, तर तिथेच, तुझ्यासमोर सही करीन आणि सामानही बांधून देईन. राहायचं असेल, तर जिन्याचं काय ते बघू, माणसांना वरखाली न्यायचंच तर काम करतो मी. आणि उकडत असेल, तर पंखा वाढवू. हे सगळं तुला आधी कळावं, शनिवारपर्यंत तुला तुझा शब्द शोधायला निवांत वेळ मिळावा, म्हणून हे पत्र. आज सकाळी कामावर जाताना पोस्टात गेलो, आणि कागद सही न करता तुमच्याकडे परत पाठवले.

तुझाच,
घाईदास