बटणांची तपासणी

३ जानेवारी
निश्चय : यंदा स्वतंत्र घर. लकव्याने माझी डावी बाजू नेली, जीभ नाही. सून शर्टाची बटणं लावते आणि मुलगा म्हणतो, बाबा, आता पुरे की भाषणं. गुलामगिरी आणखी कशी असते?

१९ जानेवारी
एजंटने तिसऱ्या मजल्यावरची खोली दाखवली. लिफ्ट नाही. चढू कसा, विचारलं. म्हणाला, वर हवा मस्त येते. पहिल्या पायरीवरूनच त्याला समतेवर ऐकवलं. अर्ध्यात पळाला.

८ फेब्रुवारी
तळमजला मिळाला. दारं रुंद, न्हाणीत धरायला दांडा. मुलगा सामान लावताना सारखा विचारत होता, नक्की ना? सून म्हणाली, राहू द्या हो, दोन दिवसांत येतील परत. गेले दोघं. फार शांतता. चिंतनाला उत्तम.

११ फेब्रुवारी
मदतकेंद्राने बाई पाठवली, सकाळी तासभर, आंघोळीला अन् कपडे चढवायला. मला गरज नाही. तिला काम हवं, म्हणून ठेवली. तोंडाचा पट्टा अखंड. म्हणाली, काका, तुम्ही बोलता फार, खाता कमी. उद्यापासून कडक अंतर.

१२ फेब्रुवारी
अंतर उद्यापासून. तिच्या नणंदेची हकिगत अर्धीच राहिली होती.

६ एप्रिल
एका हाताने बटणं लागू लागली. बाईला सांगितलं नाही, हिरमोड होईल. ती यायच्या आत काढून ठेवतो.

२० एप्रिल
केंद्राच्या मॅडम परवा तपासणीला येणार. ज्याला जमतं, त्याची मदत बंद. डावपेच ठरला : बटण सुटू द्यायचं, सुस्कारा टाकायचा, गप्प बसायचं. आरशासमोर तालीम झकास झाली.

२२ एप्रिल
बटण सुटलं. मॅडम म्हणाल्या, राहू द्या आजोबा, या वयात नाही जमायचं. आजोबा म्हणे. सगळी बटणं लावली, कॉलरचंसुद्धा. चहा करून पाजला. वर स्वावलंबनावर अर्धा तास बोललो. मॅडम भारावल्या, तिथेच सही केली : मदत बंद. बाई चप्पल घालताना म्हणाली, लबाड आहात काका, मला तरी सांगायचंत. दणदणीत विजय.

२३ एप्रिल
सकाळीच तयार होऊन बसलो. कोणी आलं नाही. येणार नव्हतंच.

३० एप्रिल
बाईला आता वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांकडे लावलंय. तिचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. खुर्ची खिडकीखाली ओढली. तरी कळत नाहीत.
खुर्ची एकट्याने ओढली, याची नोंद असावी.