चार आरशांच्या पतंगाचं रान

मी, एदुविहेस योकुपिसिओ, वय सत्तावीस, धंदा शिवणकाम, राहणार मायो नदीकाठ, सोनोरा, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. गुरुवारी पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. माझा धाकटा भाऊ कोस्मेही तेच म्हणतो, म्हणून जास्त काळजी वाटते.

१. शिवणयंत्र इलारियामावशीला. लिहावाचायला आणि रानात हळू चालायला तिनेच शिकवलं. यंत्राचा पट्टा सैल आहे. कोस्मेला चारदा सांगून झालं, हे इथे नोंदवते.

२. भिंग आणि सात वह्या गावच्या शाळेला. चार आरशांच्या पतंगाबद्दल मला जे कळलं ते त्यांत आहे: पंखांवर चार पारदर्शक खिडक्या, अळी हिरवी, सांग्रेगादोच्या झुडपाच्या पानांवर वाढणारी, कोश कोरड्या दिवसांत फांदीला लटकतो, जुलैत पतंग बाहेर येतो. त्याला खाता येत नाही, जेमतेम आठवडा जगतो. तिसऱ्या वहीत, पान नऊवर, मी भलत्याच पतंगाला हे नाव दिलं होतं. चूक खोडलेली नाही, शेजारी दुरुस्ती आहे.

३. नदीपलीकडचं काटेरी रान. वडिलांनी ते माझ्या नावे केलं. ते साफ करून चणे पेरू पाहणारे दोनदा विकत मागायला येऊन गेले.

कोस्मे संतांच्या सणांना पास्कोला नाच नाचतो. त्याच्या पायांना गुंडाळायच्या माळा याच कोशांच्या, आत बारीक खडे घालून केलेल्या. ईस्टरआधीच्या उपासांत पानं झडतात, कोश दिसतात, म्हणून सगळे तेव्हाच तोडतात. नेमका तेव्हाच आत जीव असतो. कोस्मे कोश कानाशी हलवतो.

"हा बघ ताई, खडे न घालताच वाजतो."

"आत पतंग आहे, म्हणून वाजतो."

"मग पतंग सुरात आहे."

आणि कात्रीने कापून आतला जीव कोंबड्यांपुढे टाकतो. पतंग उडून गेलेले रिकामे कोश शेजारच्याच फांदीवर असतात. ते म्हणे विटके, संतांपुढे शोभत नाहीत. संतांनी आजवर तक्रार केलेली नाही.

गेल्या वर्षी मी न सांगता त्याला नुसत्या रिकाम्या कोशांत खडे घालून माळ करून दिली. सण संपल्यावर म्हणाला, "असा आवाज कधी लागला नव्हता. कोश कुठून आणलेस गं?" मी सांगितलं. त्याने माळ सोडून माझ्या पुढ्यात ठेवली. यंदा रानात भरलेले कोश अकराच उरलेत, आणि हा पुन्हा कात्रीला धार लावतोय.

तरीही रान कोस्मेलाच. मावशी म्हणते, "कोल्ह्याला कोंबड्या राखायला देतेस." पण रान गेलं तर नाच त्याचाच थांबेल. अट एकच: हलवल्यावर वाजेल तो कोश तोडायचा नाही.

कोस्मेला साक्षीदार व्हायचं होतं. ज्याला मिळतं त्याने सही करू नये, असं सांगितलं. त्याने कलम तीन दोनदा वाचलं, कात्री माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवली आणि म्हणाला, "मला नको तुझं रान. गुरुवारचं उरकून घरी ये आणि तूच ओरड माझ्यावर."

हे कायद्यात बसत नाही. कलम तीन कायम.

साक्षीदार: पेत्रोनिलो बुइतिमेआ, पाववाला
रेफुहिओ अंगुआमेआ, सुईण

सही: एदुविहेस योकुपिसिओ
मायो नदीकाठ, १६ मार्च २०१९