तीन गाठींची तार

॥ श्री ॥
वरसे, रोहा
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस मनस्वीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज तुम्हाला कोंबडीच्या कलकलाटासारखा ऐकू येतो, म्हणून पत्रच बरं. शेजारची भाविका रोह्याच्या कॉलेजातून कासूला परतताना हे घेऊन येईल. उत्तर तिच्याच हाती द्या.

बातमी अशी, की आपल्या ईको गाडीसाठी मी रिमोट स्टार्टर घेतला आहे. ओट्यावर चहा पिता पिता बटण दाबायचं, की गाडी अंगणात सुरू. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही मला गावभर मिरवलंत, पण माझ्या इलेक्ट्रॉनिक्सचा घराला अजून काडीचा उपयोग झालेला नाही, याची मला बोच आहे.

यंत्रासोबतच्या कागदावर तारांचे रंग दिलेत, ते आपल्याला निरुपयोगी. उधाणाचं पाणी बांध फोडून गाडीत शिरलं तेव्हा गुणाजी मिस्त्रीने सगळ्या तारा एकाच लाल गुंडाळीतून ओढल्या होत्या. म्हणून मी ठेवून आलेल्या मीटरनेच त्या ओळखायच्या. स्टिअरिंगखालचं झाकण काढा. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने मीटर धरायचा. चावी ऑन केल्यावर जिच्यात वीज येते आणि सेल्फ मारतानाही टिकते, ती इग्निशनची. सेल्फ मारताना जिची जाते, ती पंख्याची. आणि फक्त सेल्फ मारतानाच जिच्यात येते, ती सेल्फची. कापू काही नका, खुणा करून ठेवा. रविवारी येऊन मी जोडीन.

एक तक्रार. आई म्हणते, डोलवीच्या कारखान्याच्या गेटवर आपल्या गाडीतल्या कामगारांची शिफ्ट सुटेपर्यंत तुम्ही गाडी चालूच ठेवता. एवढं पेट्रोल कोणासाठी जाळता? आशीर्वाद मात्र जळू न देता शिल्लक ठेवा.

तुमची,
मनस्वी

॥ श्री ॥
कासू
१५ जानेवारी

चि. मनस्वी हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. अक्षर वाकडं हाय, कागद बोनेटवर ठेवून लिवतोय म्हणून.

तुझं काम केलं. मी स्टिअरिंगखाली आडवा, पाय पलीकडच्या दाराबाहेर, डोळे मीटरवर. तुझी आई रोजच्यासारखी खिडकीतून हात घालून चावीवर. पहिल्याच सेल्फला गंमत झाली. आपली गाडी गिअरात टाकून उभी असते, तुला ठाऊक हाय. खाऱ्या वाऱ्यानं हँडब्रेकची केबल खाल्ली की बांधाच्या उतारावर सगळा गाव तसंच करतो. क्लचवर त्या दिवशी कोणाचाच पाय नाय. गाडीनं उडी मारली ती थेट धोंडुबाईच्या वाळत घातलेल्या जवळ्याच्या मासळीवर. धोंडुबाई म्हणाली, पोरगी शिकली रोह्याला आणि गाडी उधळली कासूला. तिचा जवळा भरून दिला. माझ्या पायाला खरचटलं, बाकी काय नाय.

मग न्यूट्रल करून काम उरकलं. खुणेला जाळ्याचा दोरा बांधलाय. इग्निशनला एक गाठ, पंख्याला दोन, सेल्फला तीन. पास का नापास ते कळव. आणि पेट्रोल माझं हाय गो, जळू दे. जेवत जा वेळेवर.

बाबा

॥ श्री ॥
वरसे, रोहा
१७ जानेवारी

तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पहिल्या नंबराने पास. मीच नापास झाले. पत्र हसत वाचायला घेतलं आणि जवळ्यापाशी हसू थांबलं. ओट्यावरून रिमोट दाबला तर रोजच क्लचवर कोणाचा पाय नसणार. गाडी गिअरात असली की ती उडी मारणार, आणि पुढे दर वेळी जवळाच असेल असं नाही. बांधावर मुलं खेळतात. मी तारांचा विचार केला, आपल्याकडे गाडी कशी उभी करतात याचा केलाच नाही. रिमोट मी जोडणार नाही.

आता दुसरं. आई रोज चावी का फिरवते, बाबा? तुमचं अक्षर बोनेटमुळे वाकडं आलेलं नाही. गेटवर गाडी बंद न करण्याचं कारणही मला आता कळल्यासारखं वाटतं. तुमच्या उजव्या हाताला काय झालंय?

रागवाल, तरी लिहिते. तुमच्या भरवशावर माणसं त्या गाडीत बसतात. डॉक्टरांनी हात पाहीपर्यंत गाडी काकांकडच्या प्रणितदादाने चालवावी. या रविवारी मी तारा जोडायला नाही, तुम्हाला पेणला न्यायला येते आहे. माया कमी करू नका.

मनस्वी

॥ श्री ॥
कासू
२३ जानेवारी

चि. मनस्वीस आशीर्वाद.

रविवारी तू आलीस, पेणला नेलंस, तुझ्याशी धड बोललो नाय. राग होता. शिकवली ती माझीच गाडी बंद करायला काय, असं तोंडात आलं होतं, गिळलं. आता लिवतो.

गणपतीपासून बोटं सुन्न पडतात. स्टिअरिंगला तळवा पुरतो, पण चावी चिमटीत धरून दाबून फिरवायची म्हटलं की बोटं ऐकत नाय. सकाळी माणसं चढायच्या आत तुझी आई फिरवायची. गेटवर कोण फिरवणार? एकदा पकडीनं फिरवली, त्या रात्री झोप नाय लागली. कोणी बघितलं असतं तर ठेकेदारानं दुसरी गाडी लावली असती. घरी बसलेल्या ड्रायव्हरला येणारेजाणारे काय म्हणून हाक मारतात गो?

डॉक्टर म्हणाले ते तू ऐकलंसच. मनगटात शीर दबलीय, छोटं ऑपरेशन केलं की सुधारेल. करतो. तोवर प्रणित गाडी नेतोय. मी बाजूला बसतो आणि त्याला गिअर सांगतो, तो वैतागतो. दोऱ्याच्या गाठी सोडल्या नाय. तुला लागतील.

बाबा

॥ श्री ॥
वरसे, रोहा
७ एप्रिल

तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.

काल माझी रोह्याची ट्रेन कासूच्या स्टेशनात आली आणि सांगायचं अर्धंच राहिलं. रिमोट मी कपाटात ठेवला, त्याच्या यंत्रातला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, तेवढा वापरला. तीन गाठींच्या तारेवर आता गिअरजवळचं बटण आहे, डाव्या हाताला. चावी फक्त ऑनपर्यंत न्यायची. पुढचा स्प्रिंगचा जड टप्पा तुमच्यासाठी संपला. आणि क्लच तळापर्यंत दाबल्याशिवाय बटण मुकं राहील. आत बसलेल्या माणसाशिवाय ही गाडी उठणार नाही. हँडब्रेकची केबलही दादाने नवी टाकली आहे, ती वापरा.

तुम्हाला बसल्या जागेवरून गाडी सुरू करून देण्याचं सुख मला हवं होतं. तुम्हाला मात्र गाडीत बसूनच ती सुरू करायची होती. हे मी आधी विचारायला हवं होतं. ऑपरेशनचा हात पाहून डॉक्टर गाडी चालवायला हो म्हणाले की लगेच कळवा. उत्तराची आणि आशीर्वादाची वाट पाहते.

मनस्वी

॥ श्री ॥
कासू
२८ एप्रिल

चि. मनस्वीस पुष्कळ आशीर्वाद. अक्षर बघ.

शुक्रवारी डॉक्टर हो म्हणाले, आज गाडी काढली. तुझ्या आईला म्हटलं, आता तू झोप, तुझी नोकरी संपली. ती म्हणाली जाग येतेच, आणि पुढच्या सीटवर बसून फाट्यापर्यंत आली. तिथं माणसं चढायची होती. मी गाडी बंद केली. गणपतीनंतर पहिल्यांदा, सगळ्यांच्या देखत.

माणसं बसली. तुझी आई उतरून माझ्या बाजूला आली, आणि सवयीनं खिडकीतून हात घातला चावीवर. मी तो उजव्या हातानं धरला. मागं पोरं हसली. मी क्लच दाबला, डाव्या हातानं बटण दाबलं. एका सेल्फमध्ये गाडी उठली.

तुझी आई म्हणाली, हात सोडा आता, बोटं दुखतात माझी.

लोभ हायच, तो वेगळा काय लिवायचा.

बाबा